स्कोअर १४ आला, म्हणजे मला डिप्रेशन आहे का?

(एपिसोडमधलं बोलणं, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट करून)

गेल्या काही महिन्यांत आपल्या इनबॉक्समध्ये एकाच प्रकारचे स्क्रीनशॉट येतायत. कुठल्यातरी अ‍ॅपवर नऊ प्रश्न, खाली एक आकडा, आकड्याखाली केशरी नाहीतर लाल पट्टी आणि पट्टीवर लिहिलेलं ‘मध्यम डिप्रेशन’. सोबत एकच ओळ: “दादा, मला खरंच डिप्रेशन आहे का?”

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा, नेरळला राहणारा माणूस आहे. त्यामुळे ‘तुला आहे’ किंवा ‘तुला काही नाही, उगाच डोक्यात घेऊ नकोस’, यातलं काहीच मी सांगणार नाही. पण फॉर्म कसा बनतो, त्यातून आकडा कसा निघतो आणि त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, एवढं नीट वाचून तुमच्यापुढे ठेवता येईल. आज तेच करूया.

एक सूचना. पुढे आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख येणार आहे. आत्ता तुम्हाला स्वतःला तसं वाटत असेल तर एपिसोड इथेच थांबवा आणि १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस, सरकारी, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलतात. एपिसोड काय, नंतरही ऐकता येईल.

हे नऊ प्रश्न आले कुठून?

अ‍ॅप कुठलंही असो, आतले प्रश्न बहुतेक वेळा एकाच प्रश्नावलीतले असतात. तिचं नाव पीएचक्यू-९. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के या अमेरिकन संशोधकांनी ती बनवली. पैसा फायझर या औषध कंपनीचा होता. नऊ प्रश्नांची प्रश्नावली किती अचूक आहे यावरचा त्यांचा मुख्य पेपर २००१ चा. चिंतेसाठी याच मंडळींची सात प्रश्नांची जीएडी-७ आहे, ती २००६ मध्ये आली. दोन्ही वापरायला परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत. म्हणून ज्याला अ‍ॅप काढायचंय तो पहिल्यांदा हीच उचलतो.

याआधीही मोजपट्ट्या होत्याच. मॅक्स हॅमिल्टन यांची नैराश्याची पट्टी १९६० ची, पण ती डॉक्टरने रुग्णाशी बोलून भरायची. ॲरन बेक यांची १९६१ ची, ती रुग्णाने स्वतः भरायची. पीएचक्यू-९ ची खासियत एवढीच की ती छोटी आहे. साध्या दवाखान्यात, जिथे डॉक्टरकडे एका पेशंटला पाच मिनिटं असतात, तिथे बाकावर बसल्या बसल्या भरता यावी म्हणून बनवलेली.

प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात. कशात रस वाटत नाही का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा फार अस्वस्थ होणं, आणि नववा, मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार. प्रत्येकाला ० ते ३ मार्क. ‘अजिबात नाही’ला ०, ‘जवळजवळ रोज’ला ३. एकूण २७ पैकी. ५ च्या पुढे सौम्य, १० च्या पुढे मध्यम, १५ च्या पुढे मध्यम ते तीव्र, २० च्या पुढे तीव्र.

स्क्रीनशॉटमधली केशरी पट्टी म्हणजे ही १० ते १४ ची पायरी. बस, एवढंच.

बेरजेत हरवणारं उत्तर

समजा हा फॉर्म मला बनवायला दिला. नऊ ड्रॉपडाउन, एक बेरीज, चार-पाच इफ-एल्स. दुपारच्या चहाच्या आत काम संपेल. आणि नेमका इथेच घोळ आहे.

बेरजेला सगळे प्रश्न सारखेच. झोपेचे ३ आणि नवव्या प्रश्नाचे ३, दोघांचं वजन एकच. आता असा एक मुलगा धरा, ज्याने आठ प्रश्नांना ० दिलं आणि नवव्याला ३. म्हणजे जवळजवळ रोज त्याच्या मनात जीव द्यायचे विचार येतायत. बेरीज किती? ३. पट्टी कुठली? हिरवी. वर लिहून येईल, ‘तुम्ही छान आहात, असेच आनंदी राहा.’

म्हणून ही प्रश्नावली नीट शिकून वापरणारा आरोग्यसेवक आधी नववं उत्तर बघतो, बेरीज नंतर करतो. तिथे ० सोडून काहीही असलं तर तो खुर्ची जवळ ओढतो आणि विचारतो: कधीपासून असं वाटतंय? काही ठरवलंयस का? घरी कोण असतं? हे प्रश्न अ‍ॅपमध्ये टाकता येतील, पण उत्तर ऐकून पुढे काय करायचं ते करणारं कुणीतरी पलीकडे हवं.

तुम्ही स्वतः फॉर्म भरताय तर एवढा नियम लक्षात ठेवा. नवव्या प्रश्नाला ० सोडून दुसरं काही आलं, तर एकूण स्कोअर कितीही असो, त्याच दिवशी एका माणसाला सांगा. आणि मित्राने तुम्हाला सांगितलं, तर घाबरून विषय बदलू नका. ‘तुला जीव द्यावासा वाटतोय का?’ असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट विचारलं की समोरच्याचा जीव थोडा हलका होतो. मग त्याला एकटं सोडू नका, फोन लावून द्या, सोबत जा.

चाळणी वेगळी, निदान वेगळं

आता मुख्य मुद्दा. पीएचक्यू-९ ही चाळणी आहे. चाळणीचं काम खडे बाजूला काढणं. पण जे बाजूला पडलं ते सगळं खडाच असेल असं नाही, थोडे दाणेही त्यात जातात.

मूळ अभ्यासात १० किंवा जास्त स्कोअर हा इशारा धरला, तर ज्यांना खरंच मोठं नैराश्य होतं त्यांतले ८८ टक्के सापडले, आणि ज्यांना नव्हतं त्यांतले ८८ टक्के बरोबर बाजूला राहिले. ८८ म्हणजे झकास वाटतं ना? डिस्टिंक्शन! थांबा, गणित करू.

समजा एक हजार लोकांना ही लिंक पाठवली. सोयीसाठी धरू की त्यातल्या ५० जणांना खरंच नैराश्य आहे. ५० चे ८८ टक्के म्हणजे ४४ सापडले, ६ सुटले. उरलेल्या ९५० मधले १२ टक्के, म्हणजे ११४ जण, आजार नसताना इशाऱ्यात आले. एकूण इशारे १५८, त्यातले खरे ४४. म्हणजे लाल-केशरी पट्टी दिसलेल्या साधारण चार जणांत एकाला नैराश्य आहे.

आता तीच प्रश्नावली मानसोपचाराच्या ओपीडीत वापरा. तिथे येणारे आधीच त्रासलेले असतात. समजा हजारात ३०० जणांना नैराश्य आहे. २६४ खरे सापडले, ८४ खोटे इशारे. म्हणजे चारातले तीन खरे.

प्रश्न तेच, स्कोअर तोच, अर्थ मात्र वेगळा. रीलच्या कमेंटमधल्या लिंकवर आलेला १४ आणि डॉक्टरसमोर आलेला १४ यांची किंमत एक नाही. ज्यांनी सर्व्हरच्या अलर्टवर रात्री-अपरात्री लॅपटॉप उघडलाय त्यांना हे लगेच कळेल. अलर्ट वाजला म्हणजे सर्व्हर पडला असं नसतं. पण अलर्ट वाजला तर बघावं लागतंच.

आणि हे कागदावरचं गणित नाही. गोव्यातल्या सरकारी आणि खाजगी दवाखान्यांत अशा पाच वेगवेगळ्या प्रश्नावल्या शेजारी शेजारी ठेवून तपासल्या होत्या. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २००८ मध्ये आला. सगळ्या बऱ्यापैकी चालल्या. पण चाळणीत अडकलेल्यांत खरे किती, तर प्रश्नावलीनुसार साधारण निम्म्यापासून तीन चतुर्थांशांपर्यंत. शिवाय कुठला आकडा इशारा धरायचा, तेही दवाखान्यागणिक बदललं. एका ठिकाणची रेघ दुसरीकडे जशीच्या तशी ओढता येत नाही.

लोकलचे मार्क

आता आपल्याकडे या. नेरळचा मुलगा ऐरोलीला कामाला आहे. पहाटे उठून कर्जत लोकल, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर, संध्याकाळी तेच उलट, आणि पावसाळ्यात गाड्या रखडल्या तर विचारूच नका. त्याला पीएचक्यू-९ भरायला द्या. झोप? पाच तास, टाका ३. थकवा? रोज, टाका ३. जेवण? कधी वडापाव, कधी काहीच नाही, टाका २. मीटिंगमध्ये लक्ष? २. झाले १०. पट्टी केशरी.

पण पहिले दोन प्रश्न बघा. रविवारी क्रिकेट खेळायला तो उत्साहाने जातो. मित्रांत हसतो. उदासही वाटत नाही. म्हणजे रस गेलेला नाही आणि मन खाली गेलेलं नाही. निदानाच्या नियमांत या दोनपैकी निदान एक लक्षण असावंच लागतं, आणि तेही किमान दोन आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ. त्याशिवाय नुसत्या बेरजेने मोठं नैराश्य ठरत नाही. या मुलाला आधी झोप हवी. त्याचा त्रास खोटा नाही, पण तो आजार दुसरा आहे, किंवा आजारच नाही.

उलटही होतं. नैराश्य असलेला माणूस म्हणतो, “लोकलमुळे दमतो रे, बाकी काही नाही,” आणि वर्षभर तेच म्हणत राहतो. मग सुट्टीच्या दिवशीही अंथरुणातून उठवत नाही, मित्रांचे फोन उचलवत नाहीत. दमणं झोपेने भरून निघतं. चार दिवस नीट झोपूनही मन वर येत नसेल, तर दोष एकट्या लोकलला देऊ नका.

या दोघांना वेगळं करायला फॉर्मच्या शेवटी एक जास्तीचा प्रश्न असतो, ज्याला मार्क नाहीत: या त्रासामुळे काम, घर, माणसांशी वागणं किती अवघड झालंय? बरीच अ‍ॅप्स तो गाळून टाकतात, कारण त्याचा बेरजेत उपयोग नाही. डॉक्टर मात्र हेच आधी विचारतात.

आणखी एक गोष्ट फॉर्मला कळत नाही, ती म्हणजे काय घडलंय. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ज्याचं घरदार त्या रात्रीत गेलं, त्याला पुढच्या महिन्यात हे प्रश्न विचारले असते तर झोप नाही, भूक नाही, रस नाही, सगळ्याला ३. स्कोअर तीव्र. पण तो शोक आहे. त्याला आधी आपली माणसं, छप्पर आणि वेळ लागतो. काहींचा शोक पुढे आजारात बदलतो, म्हणून त्यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं, महिन्या-महिन्याने विचारावं लागतं. शोक कुठे संपला आणि आजार कुठे सुरू झाला, हे समोर बसून ऐकणाऱ्यालाच कळू शकतं.

‘टेन्शन’ या शब्दात काय काय मावतं

घरी जाऊन आईला विचारा, “आई, तुला डिप्रेशन आहे का?” उत्तर काय येईल? “मला काय धाड भरलीये!” आता विचारा, “आई, टेन्शन येतं का गं?” मग ती बसेल आणि बोलेल. डोकं जड होतं, अंग मोडून येतं, जिवाला चैन नसते, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही.

आपल्याकडे माणूस मनाचं दुखणं अंगाच्या शब्दांत सांगतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला ते तसंच जाणवतं. त्यामुळे इंग्रजी प्रश्नावली शब्दाला शब्द लावून मराठीत आणली की ती चुकीच्या दारावर टकटक करते. गोव्यातल्या कामात ‘टेन्शन’ हाच शब्द लोकांच्या तोंडी सापडला. त्याआधी डॉ. पटेल झिम्बाब्वेत होते, तिथे शोना भाषेत ‘कुफुन्गिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. तिथल्या लोकांच्याच शब्दांवरून १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार झाली. तिथल्या प्रसिद्ध ‘फ्रेंडशिप बेंच’वर, जिथे बाकावर बसून आजीबाई लोकांचं ऐकतात, तीच वापरतात.

शब्दांसारखीच जागाही महत्त्वाची. घरात एकच फोन, शेजारी सासू, आणि स्क्रीनवर नववा प्रश्न. खरं उत्तर कोण देईल? पुरुष मंडळी तर ‘अजिबात नाही’ला टिक करत खाली जातात. म्हणजे कमी स्कोअर आला म्हणून सगळं ठीक आहे, असंही नाही.

छातीत धडधड आणि जीएडी-७

चिंतेचंही असंच आहे. जीएडी-७ मध्ये सात प्रश्न, २१ पैकी मार्क, ५, १० आणि १५ या पायऱ्या. काळजी थांबवता न येणं, चिडचिड, जिवाला निवांतपणा नसणं, काहीतरी वाईट होणार अशी भीती, असं सगळं त्यात आहे. १० च्या पुढे गेलात तर बघून घ्या, एवढंच ती सांगते.

पण चिंतेचा माणूस प्रश्नावलीपर्यंत पोहोचतच नाही, तो आधी ईसीजीपर्यंत पोहोचतो. गर्दीच्या डब्यात अचानक श्वास कोंडतो, हात थरथरतात, आता आपण जातो असं वाटतं. दवाखान्यात ईसीजी नॉर्मल येतो आणि कुणीतरी म्हणतं, “गॅस झालाय.” गावाकडे कुणी म्हणतं, “बाहेरचं झालंय, भगताला दाखवा.” आठवड्याने पुन्हा तेच. पहिल्यांदा छातीत दुखलं तर ईसीजी काढायलाच हवा, त्यात चूक नाही. पण दोन-तीनदा सगळं नॉर्मल आलं आणि त्रास सुरूच राहिला, तर डॉक्टरांना सरळ विचारा, “हे चिंतेमुळे असेल का?” हा प्रश्न विचारायला लाजायचं काही कारण नाही.

मग डॉक्टर नक्की काय तपासतात?

रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये नैराश्य दिसत नाही. मग रक्त का काढतात? दुसरं काही नाही ना हे बघायला. थायरॉईड कमी असलं, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असलं, तरी माणूस थकतो, मंद होतो. दारू आणि काही औषधंही मन खाली खेचतात.

बाकी तपासणी बोलण्यातूनच होते. कधीपासून, कशाने वाढतं, आधी कधी झालं होतं का, घरात कुणाला होतं का. मग एक प्रश्न, जो ऐकून पेशंट चक्रावतो: “कधी उलट झालं होतं का? झोप नको वाटायची, फार जोश, भरमसाठ खर्च, बोलणं थांबत नाही असं?” कारण तसं असेल तर आजार बायपोलर असू शकतो, आणि मग नुसती नैराश्याची गोळी दिली तर प्रकरण बिघडू शकतं. पीएचक्यू-९ मध्ये हा प्रश्नच नाही. बोलता बोलता डॉक्टर तुमचं बोलणं, चेहरा, विचारांची गती, लक्ष, सगळं टिपत असतात. शितावरून भाताची परीक्षा जेवणात चालते, इथे अख्खं भांडं ढवळावं लागतं.

कुणाकडे जायचं यातही गोंधळ असतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, ते गोळ्या देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात आणि बोलून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. इन्स्टावर ‘माइंडसेट कोच’ लिहिलेला माणूस या दोन्हींत बसत नाही.

कायदाही हेच म्हणतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, लागू २९ मे २०१८ पासून. मानसिक आजार ठरवायचा तो जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणासारख्या मान्य वैद्यकीय निकषांवर. कुणी समाजाच्या चालीरीतीत बसत नाही म्हणून त्याला आजारी ठरवता येत नाही. म्हणजे लग्नाला नाही म्हणणारी मुलगी त्या कारणाने ‘मेंटल’ ठरत नाही, आणि अ‍ॅपच्या पट्टीने तुम्हीही ठरत नाही.

मग हा आकडा फेकून द्यायचा का?

नाही! याच आकड्याने आपल्या शेजारी मोठं काम झालंय.

आपल्याकडे खोट्या इशाऱ्यांपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. निमहान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता. नैराश्य-चिंतेसारखे नेहमीचे आजार असलेल्या लोकांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. म्हणजे कुणी विचारायलाच जात नाही. चाळणी इथे कामाला येते.

गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. २४ दवाखाने, निम्मे सरकारी, निम्मे खाजगी. बाकावर बसलेल्या पेशंटना छोटी प्रश्नावली, आणि इशारा आला तर डॉक्टर नसलेली पण प्रशिक्षण घेतलेली समुपदेशक त्यांच्याशी बोलायची, गरजेनुसार पुढे डॉक्टर आणि औषध. निकाल २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आला. ज्यांचं निदान पक्कं झालं होतं, त्यांतले सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी बरे झालेले ६५.९ टक्के, आणि नेहमीची पद्धत होती तिथे ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, तेही सांगायला हवं.

मग पीएचक्यू-९ वरच उभा राहिलेला प्रयोग, गोव्यातलाच, २०१७ चा. तीव्रतेकडे झुकणारा स्कोअर आलेल्यांना सहा ते आठ बैठका, ज्यात माणसाला पुन्हा थोडं थोडं हालतं-फिरतं, आवडीचं करतं करायचं. तीन महिन्यांनी स्कोअर १० च्या खाली आलेले ६४ टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारात ३९ टक्के. आणि विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन विचारलं. नैराश्य असलेल्यांत मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. आकड्यामागे एक माणूस उभा होता. प्रश्न विचारणारा, मग ऐकणारा, मग पुन्हा येणारा. आकडा त्याच्या हातातलं साधन होता. आपल्या अ‍ॅपमध्ये साधन आहे आणि हात गायब आहे.

उपचार सुरू झाल्यावर तर आकड्याची खरी मजा. थर्मामीटर ताप कशाचा ते सांगत नाही, पण उतरतोय का ते सांगतं. दर दोन-तीन आठवड्यांनी तेच नऊ प्रश्न भरा. ५ किंवा जास्त मार्कांनी खाली आला तर बदल खरा धरतात. निम्म्यावर आला तर उपचार लागू पडतायत. हलतच नाही तर डॉक्टरांना दाखवा, ते उपचार बदलतील. ‘बरं वाटतंय का?’ला आपण सवयीने ‘हो’ म्हणतो, आकडा तेवढा भिडस्त नसतो.

नेरळ, कर्जत, खालापूरवाल्यांनी काय करायचं?

आशाताई घरी फॉर्म भरायला येतात ना, बीपी-शुगरचा? त्यात आता पीएचक्यूचे पहिले दोन प्रश्न असतात, रस आणि उदासी. पण तो फॉर्म तिशी ओलांडलेल्यांचा. म्हणजे आईला कुणीतरी विचारतंय, तुम्हाला कुणी नाही. तुम्हालाच दारात जावं लागेल.

पहिलं दार: प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय. तिथे विचारा, मानसोपचाराची ओपीडी कुठे आणि कुठल्या दिवशी असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, विचारणं हा तुमचा हक्क आहे. आपलं जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे आपल्यासाठी आडवाटेचंच. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, १९०१ पासूनचं, आपल्याला गाडी न बदलता ठाणे स्टेशनपर्यंत जाऊन गाठता येतं. त्याच्या नावाने आपल्याकडे विनोद करतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. दाखवून संध्याकाळच्या लोकलने घरी येता येतं.

दुसरं दार: १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तुम्हाला फार काही झालेलं असायला हवं असं नाही, नुसतं ‘मला कळत नाहीये काय होतंय’ एवढ्यावरही फोन लावता येतो.

जाताना काय न्यायचं? एक कागद. त्यावर स्कोअर, तारीख, नवव्या प्रश्नाचं उत्तर वेगळं लिहिलेलं, झोप कधी-किती, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि रोजच्या आयुष्यात काय अडतंय त्याची दोन वाक्यं. लाल पट्टीच्या स्क्रीनशॉटपेक्षा हा कागद डॉक्टरांना जास्त सांगतो.

आणि फॉर्म भरताना ऑफिसच्या लॉगिनने शक्यतो भरू नका. तुम्ही डॉक्टरांना सांगितलेलं गुप्त ठेवणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. अ‍ॅपने मात्र ‘आय अ‍ॅग्री’च्या मागे काय लिहून घेतलंय ते आपण कुणीच वाचत नाही. प्रश्न नऊच आहेत, वहीच्या मागच्या पानावरही मावतात.

तर स्कोअर १४ आला, म्हणजे काय? म्हणजे दोन आठवडे तुम्हाला बराच त्रास होतोय आणि कुणीतरी जाणत्या माणसाने तुमच्यासमोर बसून अर्धा तास ऐकायची वेळ झालीये. नाव काय द्यायचं ते त्यांना ठरवू द्या. तुम्ही फक्त तो अर्धा तास ठरवा, आणि शक्य असेल तर या आठवड्यातच.

हा एपिसोड त्या एका मित्राला पाठवा जो हल्ली ग्रुपवर गप्प असतो. नुसती लिंक पाठवू नका, खाली लिहा, ‘कधी भेटतोस?’

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.